खांदे टेकले, की टेकू दिले? – ब्रिटिश व्यावसायिक कुस्तीच्या इतिहासाला प्रस्तावना

लंडनच्या शेपर्ड्स बुश भागातल्या मोठ्या स्टेडियमवर १० सप्टेंबर १९१० रोजी गामा पैलवानाची कुस्ती पोलंडच्या स्टॅनिस्लॉस झ्बिस्कोशी लागली. सुरुवातीलाच गामाने झ्बिस्कोला खाली घेतले. त्यानंतरचे अडीच तास झ्बिस्को बहुतेक वेळ पालथाच राहिला. छाती मॅटला चिकटलेली, कोपरे आत ओढलेली, मान आखडलेली. गामा वरून सवारी घेत होता, पेचामागून पेच टाकत होता, पण ते अवजड शरीर काही उलटत नव्हते. अखेर कुस्ती बरोबरीत सोडवली गेली. पुढच्या शनिवारी ती निकाली करायचे ठरले. त्या दिवशी झ्बिस्को मैदानावर आलाच नाही आणि विजेतेपदाचा ‘जॉन बुल’ पट्टा गामाला मिळाला.

हा प्रसंग आपल्याकडे अभिमानाने सांगितला जातो आणि तो अभिमान रास्त आहे. मात्र पैसे मोजून आलेल्या लंडनकराच्या जागी बसून पाहिले, तर त्याच कुस्तीची दुसरी बाजू समोर येते. अडीच तास एक माणूस पालथा पडून आहे आणि दुसरा त्याच्यावर आहे, एवढेच दूरच्या बाकावरच्या माणसाला दिसत होते. मनगटावरची पकड, गुडघ्याचा रेटा, श्वासाचा हिशेब यांतले त्याच्यापर्यंत काहीच पोहोचत नव्हते. कुस्ती खरी होती आणि खरी होती म्हणूनच त्याला ती कंटाळवाणी वाटत होती.

आता याच शहरातली सहा वर्षांपूर्वीची एक कुस्ती घ्या. ३० जानेवारी १९०४ रोजी ऑलिंपियाच्या विशाल सभागृहात एस्टोनियाचा जॉर्ज हॅकेनश्मिट आणि तुर्की मल्ल अहमद मद्राली समोरासमोर आले. सभागृह खच्चून भरले होते. हॅकेनश्मिटने मद्रालीला कवेत घेऊन उचलले आणि असे आपटले, की त्याचा हातच निखळला. सगळा कारभार एका मिनिटाच्या आत आटोपला. हीदेखील खरीच कुस्ती. पण हजारो माणसांनी तिकीट काढले ते मिनिटभरासाठी नव्हे.

या दोन कुस्त्या शेजारी ठेवल्या, की या पुस्तकाचा विषय हाती येतो. खरी कुस्ती तिकिटाच्या वेळापत्रकात बसत नाही. जोड विषम असेल तर ती डोळ्याचे पाते लवण्याआधी संपते. जोड तुल्यबळ असेल तर तासन् तास जागची हलत नाही. आणि सभागृहाचे भाडे, दिव्यांचा खर्च, जाहिरातीचा खर्च भरणाऱ्या माणसाला मात्र दर रात्री ठरावीक वेळेचा, चढउतारांचा, शेवटच्या बाकावरूनही कळेल असा खेळ लागतो. ब्रिटनमधल्या व्यावसायिक कुस्तीचा इतिहास हा मुख्यतः या अडचणीवर वेगवेगळ्या पिढ्यांनी काढलेल्या तोडग्यांचा इतिहास आहे, असे माझे ठाम मत झाले आहे. पुढची प्रकरणे ते मत पुराव्यासह मांडण्यासाठी लिहिली आहेत.

या विषयावर बोलणाऱ्यांचे साधारण दोन पक्ष असतात. एक पक्ष म्हणतो, पैसे घेऊन खेळलेली कुस्ती पहिल्यापासून नाटकच होती. दुसरा म्हणतो, जुन्या काळी सगळे सचोटीचे होते. पुढे नाट्यगृहांनी आणि नंतर दूरचित्रवाणीने तिचा घात केला. दोन्ही पक्षांचे म्हणणे सोपे आहे आणि दोन्ही चुकीचे आहे. पैजा लागत होत्या त्या काळापासून कुस्त्या विकल्याही जात होत्या, आणि अगदी ठरवून निकाल लावण्याच्या काळातही अस्सल विद्या जाणणारे मल्ल त्याच रिंगणात उतरत होते. म्हणून ‘खरी की खोटी’ हा एकच प्रश्न विचारून भागत नाही. मी तो तीन प्रश्नांत फोडला आहे. डाव खरा होता का? निकाल खरा होता का? आणि प्राचीन म्हणून सांगितलेली शैली खरोखर प्राचीन होती का? या तिन्हींची उत्तरे प्रत्येक वेळी एकच येत नाहीत. मला हा विषय सोडवला नाही तो त्यामुळेच.

सुरुवात प्रादेशिक शैलींपासून करावी लागते, कारण इंग्लंडमध्ये एक कुस्ती कधीच नव्हती. नैर्ऋत्येच्या टोकाला कॉर्नवॉल. तिथे मल्ल जाड कॅनव्हासचे सैल जाकीट घालतात आणि पकड फक्त जाकिटावर घेतात. जमिनीवरची झुंज त्यांना मंजूर नाही. उभ्या उभ्या फेकायचे आणि प्रतिस्पर्ध्याला पाठीवर पाडायचे. दोन खांदे आणि दोन कुल्ले या चार ठिकाणांपैकी किमान तीन ठिकाणे एकदम टेकली तरच ती पाठ धरली जाते. रिचर्ड केर्‌यू याने १६०२ साली प्रसिद्ध केलेल्या कॉर्नवॉलच्या वर्णनात या कुस्तीची माहिती येते, म्हणजे तिचे वय चारशे वर्षांहून अधिक आहे हे कागदावर सिद्ध आहे. शेजारच्या डेव्हन परगण्यातही जाकिटाचीच कुस्ती होती, पण तिथे जड तळाचे बूट घालून नडगीवर लाथा मारण्याची मुभा असे. दोन शेजाऱ्यांमधला हा फरक २३ ऑक्टोबर १८२६ रोजी डेव्हनपोर्टजवळ पणाला लागला. डेव्हनचा अब्राहम कॅन आणि कॉर्नवॉलचा जेम्स पॉल्किंगहॉर्न यांच्यात दोनशे-दोनशे पौंडांची पैज होती आणि दहा हजारांहून अधिक माणसे जमली होती. पॉल्किंगहॉर्न वजनाने कितीतरी जड, तर कॅन पायांचा पक्का. पाठ पडली की नाही यावर पंचांत वाद झाला, पॉल्किंगहॉर्न रिंगण सोडून गेला आणि सामना निकालाविना राहिला. दोन्ही परगणे आजही विजय आपलाच म्हणून सांगतात. हा वाद मी विस्ताराने दिला आहे, कारण मल्ल प्रामाणिक असले तरी नियम एकमताचे नसतील तर निकाल खरा ठरवता येत नाही, हे त्यातून लख्ख दिसते.

उत्तरेला, सरोवरांच्या डोंगराळ मुलखात, कंबरलंड आणि वेस्टमोरलंडची कुस्ती. दोघे मल्ल छातीला छाती भिडवतात, हनुवटी प्रतिस्पर्ध्याच्या उजव्या खांद्यावर ठेवतात आणि त्याच्या पाठीमागे दोन्ही हातांची मिठी घट्ट बांधतात. पकड ज्याची सुटली तो हरला. तळव्याखेरीज कुठलाही भाग ज्याचा आधी जमिनीला लागला तो हरला. एवढे साधे नियम. कार्लाइलच्या शर्यतींच्या मैदानावर १८०९ पासून या कुस्तीची बक्षिसे लागू लागली, आणि १८२३ साली विल्यम लिट या स्वतः मल्ल असलेल्या लेखकाने तिच्यावर ‘रेसलियाना’ हे पुस्तक लिहिले. कुस्ती जाणणाऱ्या माणसाने कुस्तीवर इतक्या लवकर लिहावे, हे अभ्यासकांचे भाग्यच. ग्रासमेअरच्या वार्षिक खेळांत ही कुस्ती आजही होते. तिथले मल्ल पांढऱ्या तंग पोशाखावर भरतकाम केलेली मखमली चड्डी घालतात आणि पाहणाऱ्याला वाटते, हे सारे मध्ययुगातून चालत आले असावे. तो पोशाख व्हिक्टोरियन काळातली भर आहे. डाव जुने, साज नवा. तिसऱ्या प्रश्नाचे उत्तर असे थर सोलतच शोधावे लागते.

याहून ठळक उदाहरण ग्रीको-रोमन कुस्तीचे. नावावरून ती अथेन्स आणि रोमची वारसदार वाटते. प्रत्यक्षात ती एकोणिसाव्या शतकात फ्रान्समध्ये घडली आणि त्याच शतकाच्या उत्तरार्धात इंग्लंडच्या नाट्यगृहांत आली. कमरेखाली पकड नाही, पायांचा वापर नाही. पट काढायची सोयच नसल्यामुळे दोन बलदंड देह उभ्याने एकमेकांना रेटत राहतात, उचलतात, आपटतात. रंगमंचावर हे देखणे दिसते. ती लोकप्रिय झाली त्यामागे प्राचीनतेच्या दाव्यापेक्षा या देखणेपणाचा हात अधिक होता.

मग लँकेशायर. कोळशाच्या खाणी आणि कापडाच्या गिरण्या यांच्या मुलखात जी कुस्ती वाढली तिला ‘कॅच-अ‍ॅज-कॅच-कॅन’ म्हणतात. कुठेही धरा, कसेही धरा. पट काढा, मान धरा, खाली घ्या, खाली घेतल्यावरही झुंजा. दोन्ही खांदे एकाच वेळी टेकले की कुस्ती निकाली. आपल्या मातीतल्या चीतपटीशी तिचे नाते वाचकाला चटकन जाणवेल. गळा आवळायला बंदी होती. पण सांध्यांना पीळ देणारे डाव लँकेशायरच्या मल्लांनी कमालीच्या बारकाईने विकसित केले. सुरुवातीला त्या पिळांचा हेतू प्रतिस्पर्ध्याकडून शरणागती वदवून घेणे हा नव्हता. खांदा वाचवायचा असेल तर त्याने आपणहून उताणे व्हावे, ही त्यामागची युक्ती. पिळाचे भय दाखवून माणूस उलटवणे हे लँकेशायरचे खास शास्त्र होते आणि ते दिवसभर खाणीत राबलेल्या, मनगटात वीज असलेल्या माणसांनी घडवले होते.

या कुस्तीचा व्यवहार कसा चाले, हे समजून घेतल्याशिवाय तिच्या खरेपणावर बोलता येत नाही. मल्ल किंवा त्यांचे पाठीराखे क्रीडा-वृत्तपत्रातून आव्हान देत. अटी कागदावर उतरत: वजन किती, जागा कोणती, पंच कोण, किती वेळा चीत केल्यावर निकाल, पैज किती पौंडांची. पैजेची रक्कम बहुधा वृत्तपत्राकडेच जमा राही. मँचेस्टरजवळ ऑडनशॉ येथे स्नाइप इन नावाच्या मद्यगृहाला लागून असलेल्या मैदानावर अशा कित्येक कुस्त्या झाल्या. एडविन बिबी, जो ॲक्टन असे मल्ल या व्यवहारातून तयार झाले, अमेरिकेत गेले आणि तिथल्या कॅच कुस्तीचा पाया घालणाऱ्यांत त्यांची गणना झाली. मुष्टियुद्धाच्या क्वीन्सबेरी नियमांचा मसुदा करणारे जे. जी. चेंबर्स यांनी १८७० नंतर ही शैली लंडनच्या हौशी मंडळींपुढे आणली.

एवढे करार-मदार असूनही कुस्त्या विकल्या जात. किंबहुना त्यामुळेच विकल्या जात. जिथे पैज आहे तिथे पैजेबाहेरचा सट्टाही असतो आणि हरण्यात जिंकण्याहून अधिक कमाई असेल तर गरीब माणसाला मोह होतो. कॉर्नवॉलच्या बोलीत लाच घेऊन आपली पाठ विकणाऱ्या मल्लासाठी वेगळी शिवी होती. उत्तरेकडे अंतिम फेरीत पोहोचलेले दोघे मित्र बक्षीस वाटून घेण्याचे आधीच ठरवत आणि मग मिठी मारून सहज पडत. मखमली चड्डीतला मल्ल असो वा सरकारी दप्तरातला कारकून, मोहाचे नियम सारखेच. तरीही एक फरक इथे नीट लक्षात घ्यावा. या विकलेल्या कुस्त्या फसवणूक होत्या. कारण पाहणाऱ्याने, सट्टा लावणाऱ्याने त्या खऱ्या धरलेल्या असत. पुढे नाट्यगृहात जे घडले ते याहून निराळे होते. तिथे फसवणुकीपेक्षा रंजनाची गरज मोठी होती. या दोहोंना एकाच मापाने मोजल्यामुळे या इतिहासाचा पुष्कळ गोंधळ झाला आहे.

नाट्यगृहांच्या काळात ब्रिटनची सगळ्यात मोठी नावे गाजली. १९०२ साली लंडनच्या अल्हाम्ब्रा नाट्यगृहात जॅक कार्कीक हा कॉर्निश वंशाचा अमेरिकन मल्ल कोणालाही आव्हान देत असे. प्रेक्षकांतून हॅकेनश्मिट उभा राहिला आणि कार्कीकने त्याच्याशी लढायचे टाळले. हॅकेनश्मिटचे नाव त्या रात्रीपासून लंडनच्या तोंडी झाले. पुढे त्याची सूत्रे चार्ल्स बी. कॉक्रन या नाट्यव्यवसायातल्या धूर्त माणसाकडे आली. हॅकेनश्मिटची ताकद अशी, की समोरचा मल्ल उभा राहीना. एका रात्रीत अनेकांना झटपट चीत केले, की प्रेक्षक थक्क होत आणि लगेच उठून जात. कॉक्रनने त्याला समजावले, की कुस्ती लांबव, प्रतिस्पर्ध्याला थोडे खेळू दे, लोकांना शंका वाटू दे, मग जिंक. निकाल तोच, पण वाट लांबची. व्यावसायिक कुस्तीच्या इतिहासातला हा निर्णायक क्षण आहे असे मी मानतो. जिंकणारा खराखुरा बलवान होता आणि त्याला कोणी ढकलून जिंकवले नाही, पण झुंजीचा काळ मात्र आता रचलेला होता. याच नाट्यगृहांत जपानचा युकिओ तानी आपल्याहून कितीतरी थोराड माणसांना जाकीट घालायला लावून जुजुत्सूने नमवत होता, आणि त्याच्यापुढे ठरावीक मिनिटे टिकणाऱ्याला रोख बक्षीस मिळत होते. खरी विद्या आणि रंगमंचाचा हिशेब एकाच फळीवर नांदत होते.

अशा वातावरणात १९१० साली आर. बी. बेंजामिन यांनी हिंदुस्थानी मल्लांना लंडनला नेले. गामा, त्याचा धाकटा भाऊ इमाम बक्ष आणि त्यांचे साथीदार हे पतियाळा, दतिया अशा संस्थानांच्या आश्रयाखाली वाढलेले पैलवान. गामाने ८ ऑगस्टला अल्हाम्ब्रामध्ये अमेरिकेच्या डॉ. रोलरला दोनदा चीत केले. ५ सप्टेंबरला इमाम बक्षने स्वित्झर्लंडच्या जॉन लेमला काही मिनिटांत दोनदा पाठीवर घेतले. त्यानंतर नामांकित युरोपीय मल्लांपैकी फार थोडे त्यांच्यासमोर यायला राजी झाले. यात वर्ण-वंशाचा अभिमान, साम्राज्याची प्रतिष्ठा अशी कारणे होतीच; पण एक व्यावसायिक कारणही होते. या पैलवानांना कुस्ती लांबवायची सवय नव्हती. त्यांना नेमून दिलेल्या वेळेत रंगत आणता येत नव्हती, आणि आणावी असे त्यांना वाटतही नव्हते.

इथे एक प्रश्न मराठी वाचकाच्या मनात येईल आणि तो योग्यच आहे. आपल्याकडे खरी कुस्ती टिकली ती कशाच्या बळावर? राजर्षी शाहू महाराज १९०२ साली सातव्या एडवर्डच्या राज्याभिषेकासाठी इंग्लंडला गेले, त्या प्रवासात रोमचे कलोसियम त्यांनी पाहिले, आणि १९१२ साली कोल्हापुरात खासबाग मैदान उभे राहिले. मैदानाचा आखाडा खोलगट आणि भोवतीची बैठक चढती, म्हणजे शेवटच्या माणसालाही डाव दिसावा. लंडनच्या आयोजकांना जी अडचण भेडसावत होती ती महाराजांनी वास्तुरचनेने सोडवली. पाहणाऱ्याला कुस्ती दिसावी म्हणून कुस्ती बदलली नाही, मैदान बदलले. शिवाय पैलवानाचा खुराक दरबारातून येत होता, तिकिटाच्या गल्ल्यातून नव्हे. दोन तास न हललेली जोडही जाणकारांच्या डोळ्यांत मोलाची ठरे, कारण प्रेक्षकच तालमीत घडलेला होता. आपल्याकडे सगळे सोवळे होते असे मी म्हणत नाही. निकाल आधीच ठरवून खेळलेली नुरा कुस्ती आपल्याही मैदानांना ठाऊक होती आणि आहे. पण आश्रयाची व्यवस्था आणि तिकिटाची व्यवस्था कुस्तीला वेगवेगळ्या दिशांना ओढतात, हे लंडन आणि कोल्हापूर शेजारी ठेवले की स्पष्ट होते.

पहिल्या महायुद्धानंतर ब्रिटनमध्ये व्यावसायिक कुस्ती जवळजवळ विझली. १९३० च्या डिसेंबरात ती ‘ऑल-इन’ या नावाने पुन्हा पेटली. सर ॲथॉल ओकली हा सरदार घराण्यातला मल्ल तिच्या अग्रभागी होता, आणि आपल्या कुस्त्या खऱ्या होत्या असे तो अखेरपर्यंत सांगत राहिला. काही वर्षांतच खुर्च्यांची फेकाफेक आणि चिखलातल्या झुंजी आल्या. ठिकठिकाणच्या नगरसंस्थांनी हात आखडता घेतला. १९४७ साली ॲडमिरल लॉर्ड माउंटएव्हन्स यांच्या समितीने नवे नियम केले. हे तेच एडवर्ड एव्हन्स, जे कॅप्टन स्कॉटच्या अखेरच्या दक्षिण ध्रुव मोहिमेत उपप्रमुख होते. समितीत माजी ऑलिंपिक मल्ल नॉर्मन मॉरेलही होता. सात वजनगट, फेऱ्या, दोन चीत किंवा दोन शरणागती, ताकीद देण्याची पद्धत अशी शिस्त कागदावर आली. या नियमांनी कुस्तीला खेळाचा चेहरा परत दिला. निकाल मात्र पुढेही आयोजकाच्या खोलीतच ठरत राहिले. १९५२ साली आयोजकांनी एकत्र येऊन ‘जॉइंट प्रमोशन्स’ स्थापन केले. १९५५ पासून १९८८ पर्यंत आयटीव्ही वाहिनीने ही कुस्ती घरोघर नेली. १९८५ साली जॅकी पॅलो या नामवंत मल्लाने आत्मकथनात आतला सगळा व्यवहार उघड केला. तोवर तो बहुतेकांना ठाऊक होताच. हा दूरचित्रवाणीचा काळ मी मुद्दाम थोडक्यात आवरला आहे. त्याच्यावर इंग्रजीत भरपूर लिहिले गेले आहे आणि माझा विषय त्याच्या मुळांचा आहे.

त्या काळातली एक जागा मात्र थोडक्यात आटोपण्यासारखी नाही. लँकेशायरमधल्या विगन गावी बिली रायली या जुन्या मल्लाने एक साधी, पत्र्याच्या शेडसारखी तालीम चालवली. ‘स्नेक पिट’ या नावाने ती पुढे जगभर ओळखली गेली. रायलीचे पठ्ठे आठवड्यातल्या रात्री सभागृहांत ठरलेल्या निकालाच्या कुस्त्या खेळत आणि दिवसा या तालमीत एकमेकांचे खांदे, घोटे, माना पिळून अस्सल कॅच कुस्ती घासत. चार्ल्स इस्ताझ हा बेल्जियमचा मल्ल १९४८ च्या लंडन ऑलिंपिकमध्ये उतरला होता. विगनला आल्यावर ऑलिंपिक मल्लालाही अजून किती शिकायचे आहे हे त्याला कळले. तिथे तो वर्षानुवर्षे राबला आणि कार्ल गॉच या नावाने जपानमध्ये कुस्तीचा महागुरू ठरला. त्याच तालमीतल्या बिली रॉबिन्सनने १९७५ साली टोकियोत जपानी मल्ल अँटोनियो इनोकीशी तासभराची बरोबरी केली आणि उतारवयात काझुशी साकुराबासारखे शिष्य घडवले. आजच्या मिश्र मार्शल आर्ट्समधले कित्येक पीळ विगनच्या त्या शेडमधून निघाले आहेत. निकाल रचलेला आणि विद्या अस्सल, या दोन गोष्टी एकाच माणसात किती काळ एकत्र राहू शकतात, याचे विगनहून चांगले उदाहरण मला माहीत नाही. डावाचा प्रश्न निकालाच्या प्रश्नापासून वेगळा काढावा लागतो, असे मी म्हणतो ते यासाठी.

लँकेशायरच्या कुस्तीचा दुसरा प्रवाह ऑलिंपिककडे गेला. १९०८ च्या लंडन ऑलिंपिकमध्ये कॅच-अ‍ॅज-कॅच-कॅनच्या पाच गटांपैकी तीन सुवर्णपदके ब्रिटनने जिंकली. त्यातला एक विजेता जॉर्ज डी रेल्विस्को पुढे स्वतःच व्यावसायिक कुस्त्यांचा आयोजक झाला आणि त्याचा मुलगाही त्याच धंद्यात शिरला. हौशी आणि धंदेवाईक, खरी आणि रचलेली, यांच्यामधली भिंत किती पातळ होती, हे या एका घराण्यावरून कळावे. त्याच शैलीतून आजची फ्रीस्टाइल कुस्ती आली. कराडजवळच्या गोळेश्वरचे खाशाबा जाधव १९४८ साली लंडनला गेले तेव्हा मातीवर वाढलेल्या या मल्लाला मॅटवर लढावे लागले आणि सहाव्या क्रमांकावर समाधान मानावे लागले. चार वर्षांनी हेलसिंकीत त्यांनी कांस्यपदक घेतले. स्वतंत्र भारताचे ते पहिले वैयक्तिक ऑलिंपिक पदक. खाशाबांनी ज्या नियमांखाली ते जिंकले, त्या नियमांचे मूळ लँकेशायरच्या खाणकामगारांच्या मैदानांत आहे. या विषयाशी मराठी माणसाचा संबंध काय, असे कोणी विचारले तर माझे उत्तर हे आहे.

साधनांविषयी दोन शब्द आवश्यक आहेत. या इतिहासाची साधने म्हणजे वृत्तपत्रांतले वृत्तांत, आव्हानांच्या जाहिराती, आयोजकांच्या आठवणी, मल्लांची आत्मकथने आणि डावांची पुस्तके. यांतले कुणीच तटस्थ नाही. वृत्तपत्र पैजेची रक्कम सांभाळत होते, म्हणजे त्याचाही व्यवहारात हात होता. आयोजक आपली हुशारी वाढवून सांगतो, मल्ल आपली सचोटी. म्हणून प्रत्येक कुस्तीबाबत मी काही ठरावीक गोष्टी तपासल्या आहेत. पैज कुणाकडे जमा होती? दोन्ही मल्लांचा आयोजक एकच होता का? तीच जोड पुढे गावोगाव पुन्हा लागली का, आणि जय-पराजय आलटून पालटून आला का? कुस्तीचा वेळ नाट्यगृहाच्या कार्यक्रमाशी नेमका जुळला का? हरलेल्याने नंतर तक्रार केली का? एका प्रश्नाच्या उत्तरावरून काहीच ठरत नाही, पण चार-पाच उत्तरे एका दिशेला गेली की निष्कर्ष काढता येतो. जिथे ती गेली नाहीत तिथे मी निष्कर्ष काढलेला नाही.

या अभ्यासातून माझ्या मनात पक्के झालेले एक मत इथे सांगून टाकतो. कुस्तीचा खरेपणा मल्लाच्या चारित्र्यावर जेवढा अवलंबून असतो, त्याहून अधिक तो प्रेक्षकाच्या जाणतेपणावर अवलंबून असतो. ग्रासमेअरच्या कुरणावर बसलेला शेतकरी मिठी कधी सुटली हे जाणतो, म्हणून तिथे फसवणे अवघड. कॉर्नवॉलच्या स्पर्धांत आजही मल्ल दगाफटका न करता लढण्याची शपथ कॉर्निश भाषेत घेतात. ती शपथ ज्यांच्यासमोर घेतली जाते त्या गावकऱ्यांना पाठ कशाला म्हणतात ते कळते, म्हणून तिला वजन आहे. मोठ्या शहरात, मोठ्या सभागृहात, डाव न ओळखणाऱ्या गर्दीसमोर खरी कुस्ती फार काळ तग धरू शकली नाही. गर्दीला जे कळत होते तेच तिला दाखवले गेले. दोष एकट्या आयोजकाच्या माथी मारून आपल्याला मोकळे होता येणार नाही.

हीच गोष्ट आज आपल्या दारात उभी आहे. महाराष्ट्रात मैदाने भरतात, बक्षिसांच्या रकमा वाढल्या आहेत, कुस्ती पडद्यावर दिसू लागली आहे, निकालांवर वादही होतात. ब्रिटनने ज्या वळणांवरून प्रवास केला ती वळणे आपल्यालाही लागणार आहेत. ती ओळखता यावीत, एवढ्यासाठी तरी हा इतिहास वाचावा. या पुस्तकाच्या शेवटच्या प्रकरणात प्रत्येक शैलीतले मुख्य डाव मराठी कुस्तीतल्या जवळच्या डावांशी ताडून दिले आहेत. वाचकाने ते नुसते वाचू नयेत; जवळच्या तालमीत जावे, एखाद्या वस्तादाला विचारावे आणि डाव प्रत्यक्ष पाहावा. डाव ओळखणारा एक प्रेक्षक वाढला, तर खऱ्या कुस्तीला एक आश्रयदाता मिळेल.